पावर स्टेअरिंगचं ऑइल संपलं आणि जवळ दुकान नाही: धंद्याच्या गाडीत काय चालतं, काय चालत नाही

एप्रिलमधली रात्र. रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून निघालो होतो. पहाटेच्या सौद्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात पोचायचं होतं. साखरपा मागे पडलं, आंबा घाटाचा चढ लागला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. स्टेअरिंग वळवलं की आवाज वाढायचा, सोडलं की कमी व्हायचा. पुढच्या वळणाला तर स्टेअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागलं. गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं. पावर स्टेअरिंगच्या डबीत तळाला थोडा फेस उरला होता, बाकी ऑइल नव्हतंच.

त्या वेळी साखरप्यात एकही स्पेअरचं दुकान उघडं नसणार हे मला माहीत होतं. गाडीत इंजिन ऑइलचा अर्धा कॅन होता, ब्रेक ऑइलची बाटली होती. यातलं काय टाकू? हा प्रश्न मला त्या रात्री पडला, तसा भाजीच्या टेम्पोवाल्याला, दुधाच्या गाडीवाल्याला, उसाच्या ट्रकवाल्याला कधी ना कधी पडतोच. त्याचं उत्तर नीट ठाऊक नसल्यामुळे चांगले पंप आणि रॅक (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग) भंगारात गेलेले मी पाहिलेत, त्यातली एक जोडी माझ्याच गाडीची. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी खात्री करा की तुमच्या गाडीत हे ऑइल आहे

बऱ्याच छोट्या गाड्यांत आता इलेक्ट्रिक पावर स्टेअरिंग येतं. त्यात मोटर असते, ऑइल नसतं, डबीही नसते. अशा गाडीचं स्टेअरिंग जड झालं तर ऑइल शोधण्यात वेळ घालवू नका. फ्यूज, बॅटरी आणि वायरिंग बघा. डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा दिवा लागला असेल तर दोष विजेचा आहे.

हायड्रॉलिक स्टेअरिंग ओळखायला सोपं आहे. इंजिनाच्या पुढच्या बाजूला बेल्टवर फिरणारा एक छोटा पंप असतो, त्याच्या डोक्यावर किंवा जवळच एक प्लॅस्टिकची डबी असते आणि तिच्या झाकणावर स्टेअरिंगचं चित्र असतं. ट्रॅक्टरवाल्यांनी मात्र इथेच थांबून मॅन्युअल उघडावं. काही ट्रॅक्टरांत स्टेअरिंगला वेगळी टाकी असते, काहींत तेच ऑइल गिअरबॉक्स आणि लिफ्टलाही जातं. पुढचं सगळं पिकअप, टेम्पो, ट्रकबद्दल आहे.

ऑइल गेलं कुठे?

पर्याय शोधण्याआधीचं काम हे आहे, आणि घाईत हेच राहतं. पावर स्टेअरिंगचं ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. ते बंद चक्रात फिरतं: डबीतून पंपात, पंपातून जाड प्रेशर पाइपने रॅकमध्ये किंवा, काही गाड्यांत रॅकऐवजी असतो त्या स्टेअरिंग बॉक्समध्ये, तिथून बारीक रिटर्न पाइपने परत डबीत. डबी रिकामी झाली म्हणजे कुठून तरी गळतंय. गळती तशीच ठेवून वरून लिटरभर ओतलं तर तेही पुढच्या दहा किलोमीटरमध्ये रस्त्यावर जाईल.

इंजिन बंद करा. टॉर्च घ्या. डबीपासून सुरुवात करून पाइपाच्या मागे मागे जा. ओलसर जागी धूळ चिकटून काळी पुटं धरतात, तिथे गळती सापडते. माझ्या अनुभवात जागा ठरलेल्या असतात: रिटर्न पाइपाची क्लिप, प्रेशर पाइपाचं नट किंवा पाइप आणि धातूची नळी जिथे दाबून जोडलेली असते तो सांधा, पंपाच्या पुलीमागचं ऑइल सील, रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट, आणि बॉक्स असेल तर त्याच्या खालच्या बाजूचं सील, जिथून आडवा हात बाहेर येतो. बूट हाताने दाबून बघा. आत ऑइल खळखळलं तर रॅकचं सील गेलंय.

रिटर्न पाइप गळत असेल तर नशीब चांगलं. तिथे दाब फार कमी असतो. क्लिप आवळा, पाइपाचं टोक चिरलं असेल तर चिरलेला तुकडा कापून उरलेला पाइप पुन्हा बसवा. अगदीच तुटला असेल तर त्याच मापाचा डिझेलचा रबरी पाइप घरी पोचेपर्यंत चालतो. पाण्याचा पाइप चालत नाही. गरम ऑइलने तो मऊ पडतो आणि क्लिपेतून निसटतो.

प्रेशर पाइपाची गोष्ट वेगळी. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की त्यात ८० ते १०० बारच्या आसपास दाब येतो. टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट. त्यावर ट्यूबचा तुकडा गुंडाळा, टेप मारा, एमसील लावा, काहीच टिकत नाही. वर ते ऑइल पिचकारीसारखं तापलेल्या सायलेन्सरवर उडालं तर पेट घेऊ शकतं. इंजिन चालू असताना बोट फिरवून गळती शोधू नका. सुईएवढ्या भोकातून येणारी धार कातडी फोडून आत जाते, आणि ती जखम बाहेरून दिसते त्याहून फार वाईट असते. प्रेशर पाइप फुटला असेल तर पर्यायी ऑइलचा विचारच सोडा आणि खाली बेल्टबद्दल लिहिलंय ते वाचा.

माझं त्या रात्री रिटर्नच्या क्लिपेवर निभावलं. स्क्रूड्रायव्हरने आवळली, पण डबी रिकामीच होती.

झाकण वाचा, रंग बघू नका

झाकण फडक्याने पुसा आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप आणि ट्रकांवर "एटीएफ" किंवा "डेक्स्रॉन" हा शब्द सापडेल. म्हणजे या गाडीच्या पावर स्टेअरिंगला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल चालतं. तेच ते लाल ऑइल. डेक्स्रॉन हे मूळ जनरल मोटर्सचं मानक. त्याच्या आधी याच कामासाठी टाइप ए होतं, पुढे १९५७ मध्ये टाइप ए सफिक्स ए आलं, आणि ते नाव आजही आपल्याकडच्या डब्यांवर दिसतं. डेक्स्रॉन दोन आणि तीन ही त्याच घराण्यातली पुढची नावं. फोर्डच्या मानकाचं नाव मर्कॉन.

एक गोष्ट दुकानात उपयोगी पडेल. जनरल मोटर्सने डेक्स्रॉन तीनचे परवाने २००६ च्या शेवटी बंद केले. त्यामुळे आज डब्यावर "डेक्स्रॉन तीन" लिहिलेलं असतं तो ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो, त्यामागे मूळ कंपनीची तपासणी नसते. म्हणून हे ऑइल नावाजलेल्या कंपनीचंच घ्यावं, सुट्टं बॅरलमधलं घेऊ नये. डेक्स्रॉन सहा हे नंतरचं. ते मुळातच जरा पातळ असतं. दुसरं काही नसेल तर चालेल, पण झिजलेल्या पंपाला तापल्यावर ते जास्तच पातळ पडतं, म्हणून जुन्या गाडीत मी ते कायमचं ठेवणार नाही.

झाकणावर डेक्स्रॉनऐवजी "सीएचएफ" (सेंट्रल हायड्रॉलिक फ्लुइड) किंवा कंपनीचा स्वतःचा नंबर असेल तर सावध व्हा. बऱ्याच जर्मन गाड्यांत, आणि त्या घराण्यातल्या स्कोडा, फोक्सवॅगनच्या हायड्रॉलिक स्टेअरिंगमध्ये, हिरवं हायड्रॉलिक ऑइल असतं. होंडाच्या जुन्या हायड्रॉलिक गाड्यांना त्यांचं स्वतःचं ऑइल लागतं आणि त्यात लाल एटीएफ घालू नये असं होंडाचं सांगणं आहे. अशी गाडी धंद्याला लावली असेल तर तिच्यासाठी योग्य ऑइलची बाटली गाडीतच ठेवा, कारण वाटेतल्या गावात ती मिळणार नाही.

रंगावर विसंबू नका असं म्हणतो त्याला कारण आहे. एटीएफ लाल असतं, पण रेडिएटरचं काही कूलंटही लाल-गुलाबी असतं. जुनं एटीएफ तपकिरी होतं. रंग नुसता ओळखीसाठी मिसळलेला असतो. ऑइल आतल्या रबरी सीलशी कसं वागतं आणि तापल्यावर, थंड असताना किती पातळ राहतं, या दोन गोष्टींवर पंपाचं आणि रॅकचं आयुष्य ठरतं. पर्याय निवडताना हेच दोन प्रश्न विचारायचे.

पर्याय, माझ्या पसंतीच्या क्रमाने

पहिली पसंती: कुठल्याही चांगल्या कंपनीचं डेक्स्रॉन दोन किंवा तीन दर्जाचं एटीएफ. झाकणावर डेक्स्रॉन लिहिलेलं असेल तर याला पर्याय म्हणायलाही नको, हे हक्काचं ऑइल आहे. आधीची कंपनी वेगळी होती म्हणून काही बिघडत नाही. बऱ्याच गावांत "पावर ऑइल" मागितलं तर दुकानदार गोंधळतो, पण "एटीएफ द्या" किंवा "स्टेअरिंगचं लाल ऑइल द्या" म्हटलं की डबा पुढे येतो. ट्रकच्या स्पेअरच्या दुकानात आणि हायवेवरच्या मोठ्या पेट्रोल पंपावर विचारा. सीव्हीटी गिअरबॉक्सचं ऑइल मात्र वेगळं असतं, ते घेऊ नका.

दुसरी पसंती: हायड्रॉलिक ऑइल, आणि त्यातही नंबर ३२. त्या रात्री मला हायड्रॉलिक ऑइलनेच तारलं, फक्त मिळालं ते ४६ नंबरचं. हे नंबर म्हणजे ४० अंश सेल्सिअसला ऑइलची घनता नव्हे, तर चिकटपणा, सेंटिस्टोक या एककात मोजलेला, दहा टक्के इकडे-तिकडे. ३२ नंबर म्हणजे साधारण २९ ते ३५. डेक्स्रॉन एटीएफही ४० अंशाला याच आसपास असतं. म्हणजे पंपाला फरक जवळजवळ कळत नाही. शिवाय ही दोन्ही खनिज तेलं, त्यामुळे स्टेअरिंगच्या नायट्राइल रबराच्या सीलना हायड्रॉलिक ऑइल मानवतं. ४६ नंबर जरा जाड, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात चालून जातं. ६८ नंबर, जे डंपरच्या जॅकमध्ये आणि जेसीबीत बऱ्याचदा असतं, ते पहाटेच्या थंडीत पंपाला जड जातं. अडलं तर घालावं, पण गाडी गरम होईपर्यंत हळू चालवावी.

हे ऑइल कुठे मिळतं याचा विचार केला तर लक्षात येईल की एटीएफ नसलेल्या गावातही ते असतं. जिथे जेसीबी, पोकलेन, उसाचा लोडर किंवा ट्रॅक्टरची टिपर ट्रॉली आहे तिथे हायड्रॉलिक ऑइलचा कॅन आहेच. घाटाच्या खाली रस्त्याच्या कामावर एक जेसीबी उभा होता, ऑपरेटर शेजारच्या शेडमध्ये झोपला होता. मी उठवल्यावर तो चिडला नाही.

"दादा, लिटरभर हायड्रॉलिक ऑइल मिळेल का? पेट्या भरल्यात आंब्याच्या, पहाटे सौद्याला पोचायचंय."

"मिळेल की. सेहेचाळीस आहे, चालंल का?"

"चालेल. बंद कॅनमधलं असेल तर बघा."

बंद कॅन मी मुद्दाम मागितला. उघड्या बॅरलमधल्या ऑइलात माती आणि पाणी असतं, आणि पंपाच्या आतल्या पात्यांमधली जागा केसापेक्षाही बारीक असते. उघडंच मिळालं तर ते बाटलीत थोडा वेळ निवळू द्या, वरचं वरचं घ्या आणि नायलॉनच्या पातळ कापडातून गाळा. सुती चिंधीचे धागे सुटतात आणि ते पंपात जातात.

तिसरी पसंती, आणि इथून पुढे मनाविरुद्ध: इंजिन ऑइल. पंधरा-चाळीसचं डिझेल इंजिन ऑइल ४० अंशाला शंभराच्या वर सेंटिस्टोक असतं, म्हणजे एटीएफच्या तिप्पट जाड. तापल्यावरही ते दुप्पट जाडच राहतं. थंड इंजिनावर पंप ते ओढू शकत नाही, हवा ओढतो, आणि फेस होतो. रबराला ते लगेच मारत नाही, एवढीच त्याची बाजू. मध्यरात्री, जंगलात, रेंज नाही, दुसरं काहीच नाही, अशा वेळी पुढच्या गावापर्यंत जायला ते घालावं आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकावं. दहा-तीसचं पातळ ऑइल असेल तर ते आधी घ्या.

काय कधीच घालायचं नाही

ब्रेक ऑइल. हे मी सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने सांगतो, कारण माझी गाडी यातून गेली आहे. तीन वर्षांपूर्वी माझा भाचा पिकअप घेऊन लांज्याला गेला होता. परत आल्यावर मला म्हणाला, "मामा, स्टेअरिंगचं ऑइल कमी होतं, मी टाकलं." मी विचारलं कुठलं. त्याने बाटली दाखवली. ब्रेक ऑइल, डॉट तीन. त्याची चूक नव्हती, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. दोन्ही डब्या बॉनेटखाली, दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्हींवर मिनिमम-मॅक्सिममच्या रेघा. पण ब्रेक ऑइल हे तेल नाही, ग्लायकॉलपासून केलेलं द्रव आहे. ते पंपाला वंगण देत नाही, खनिज तेलात मिसळत नाही, आणि स्टेअरिंगची सील फुगवून मऊ करतं. आठवड्याभरात रॅकच्या दोन्ही बुटांतून ऑइल गळायला लागलं आणि पंप ओरडायला लागला. दोन्ही बदलावे लागले. त्या हंगामात हातात उरलेले बरेचसे पैसे त्यातच गेले.

उलट बाजू याहून भयंकर आहे. लाल ऑइल चुकून ब्रेकच्या डबीत गेलं तर ब्रेकची रबरं खनिज तेलाने फुगतात आणि ब्रेक अडकतात किंवा जातात. घाटात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

डबीत आधीच कुणी ब्रेक ऑइल घातलंय अशी शंका असेल तर साधी परीक्षा आहे. डबीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढून पारदर्शक बाटलीत घ्या आणि तासभर स्थिर ठेवा. ब्रेक ऑइल जड असतं, ते खाली बसून वेगळा थर दिसतो. तो थर पाण्यात टाकला तर विरघळतो, एटीएफ पाण्यावर तरंगतं. थर दिसला तर इंजिन चालू करू नका, गाडी ओढून न्या. सगळं धुवून काढलं तरी सील वाचतीलच असं नाही.

नव्वद नंबरचं गिअर ऑइल फार जाड. डिझेल, रॉकेल आणि पेट्रोल वंगण देत नाहीत आणि पेट घेतात. गोडेतेल आणि खोबरेल तापून चिकट होतं, थंडीत खोबरेल तर गोठतं. पाणी घातलं तर पंप गंजतो. यांच्यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही. आणि "गळती बंद करणारं" म्हणून मिळणारं औषध? ते सील फुगवून काम करतं. जुन्या गाडीत काही दिवस फरक दिसतो, पण फुटलेला पाइप आणि ढिली क्लिप ते सुधारत नाही.

भरायचं कसं, हवा काढायची कशी

ऑइल योग्य असूनही पंप जातो तो इथे. डबी पूर्ण रिकामी झाली होती म्हणजे पाइपांत हवा शिरली आहे. लगेच स्टार्टर मारला तर पंप हवा आणि ऑइल घुसळून फेस करतो, आणि फेसावर पंप कोरडाच फिरतो.

गाडी सपाट जागी घ्या. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. पुढचा भाग जॅकने उचलून चाकं जमिनीपासून सुटली तर काम फार सोपं होतं. पण जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका, स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावा. भरलेली गाडी घाटात उचलायची नाही. मी त्या रात्री चाकं जमिनीवर ठेवूनच केलं. जोर लागतो, पण होतं.

डबी भरा. चावी एवढीच फिरवा की स्टेअरिंगचं लॉक सुटेल, इंजिन चालू करू नका. आता स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या, परत आणा. असं पंधरा-वीस वेळा. दर दोन-तीन फेऱ्यांनी डबी बघा, पातळी खाली जाईल, भरत राहा. डबीत बुडबुडे येतात, ते येऊ द्या. बुडबुडे कमी झाले की इंजिन चालू करा, अॅक्सिलरेटर देऊ नका, आणि पुन्हा सावकाश टोकापासून टोकापर्यंत. टोकाला पोचलं की तिथे दाबून धरू नका, पाच सेकंदांच्या आत परत फिरवा. टोकाला धरून ठेवलं की पंप पूर्ण दाबावर अडकतो आणि ऑइल उकळायला लागतं.

डबीतलं ऑइल दुधासारखं दिसत असेल तर हवा अजून आत आहे. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, फेस वर येऊ द्या, मग पुन्हा करा. पातळी बघताना डबीवर किंवा काडीवर गरम आणि थंड अशा दोन खुणा असतील तर थंड गाडीला थंडीची खूण बघा. वर गच्च भरू नका. तापल्यावर ऑइल फुगतं आणि झाकणातून बाहेर येऊन बेल्टवर पडतं.

काहीच मिळालं नाही, किंवा प्रेशर पाइप फुटला

पावर गेली म्हणून स्टेअरिंग तुटत नाही. चाकाशी असलेला लोखंडी जोड तसाच असतो, फक्त सगळा जोर तुमच्या हाताला लागतो. हळू चालवून गाडी नेता येते. धोका पंपाला आहे, कारण तो कोरडा फिरत राहतो.

बेल्ट बघा. काही गाड्यांत पंपाला स्वतःचा वेगळा बेल्ट असतो. तो ढिला करून काढला की पंप थांबतो आणि वाचतो. पण एकच लांब बेल्ट पंपाबरोबर वॉटर पंप आणि अल्टरनेटरवरून जात असेल तर त्याला हात लावू नका. वॉटर पंप थांबला की इंजिन तापतं, आणि बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो. बेल्ट काढला की ब्रेकचा बूस्टरही, म्हणजे ब्रेक हलका करणारा भागही, गेला. मोठ्या ट्रकांत स्टेअरिंगचा पंप बऱ्याचदा इंजिनाच्या गिअरवर चालतो, तो थांबवताच येत नाही. अशा वेळी गाडी उभी करा आणि माल दुसऱ्या गाडीत टाका. भाडं बुडालं तरी पंप आणि माणूस राहतो.

डिझेल वाचवायला घाटाच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय काहींना असते. त्यात स्टेअरिंगची पावर लगेच जाते आणि ब्रेकचा बूस्टरही थोड्याच वेळा दाबल्यावर संपतो. चांगल्या गाडीतही हे करू नका.

पर्याय घालून चालवताना

पहिल्या पाच किलोमीटरनंतर थांबा, डबी बघा, क्लिप बघा, खाली जमिनीवर थेंब पडतायत का बघा. मग दर वीस-पंचवीस किलोमीटरला. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवू नका, गाडी थोडी हलवत वळवा, पंपावरचा भार बराच कमी होतो. मी घाट चढून आंबा गावाला पोचल्यावर थांबलो, मलकापूरला थांबलो. आवाज थोडा होता, पातळी जागेवर होती. सौद्याला अर्धा तास उशीर झाला, पण पेट्या गेल्या.

घरी आल्यावर बदलायचं

३२ किंवा ४६ घालून चाललं म्हणून ते आत ठेवून द्यायचं नाही. एटीएफमध्ये फेस न होण्याची, सील जपण्याची आणि थंडीत पातळ राहण्याची रसायनं वेगळ्या प्रमाणात असतात. पिकअपच्या सगळ्या चक्रात साधारण लिटरभर ऑइल असतं, धुवून काढायला दोन लिटर एटीएफ आणा.

पुढची दोन्ही चाकं उचला, स्टँड लावा. मेडिकलच्या दुकानातली मोठी सिरिंज घेऊन डबीतलं ऑइल उपसा. डबीला येणारा रिटर्न पाइप सोडवा, त्याला एक लांब नळी जोडून खाली रिकाम्या बाटलीत सोडा. डबीचं उघडं तोंड बुचाने बंद करा. आता डबीत नवं एटीएफ घाला आणि एका माणसाला इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवायला सांगा. जुनं ऑइल बाटलीत पडत राहील. तुमचं काम एकच, डबी रिकामी होऊ द्यायची नाही. बाटलीत स्वच्छ लाल ऑइल यायला लागलं की पाइप परत जोडा, नवी क्लिप लावा, हवा काढा. इंजिन ऑइल घातलं असेल तर आठ-दहा दिवसांनी हेच पुन्हा करा, कारण पहिल्या वेळी थोडं रॅकमध्ये राहतंच. डबीच्या तळाला बारीक जाळी असते, ती काळी झाली असेल तर डबीच बदला. निघालेलं ऑइल विहिरीच्या किंवा ओढ्याच्या बाजूला ओतू नका, गॅरेजमध्ये जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये द्या.

आता माझ्या सीटमागे एका डब्यात अर्धा लिटर एटीएफ, दोन मापांच्या क्लिपा, फूटभर रिटर्न पाइप, सिरिंज आणि टॉर्च असतो. ब्रेक ऑइलची बाटली त्या डब्यात ठेवत नाही, ती वेगळ्या पिशवीत असते. आणि स्टेअरिंगच्या डबीवर मी ऑइल पेंटने मराठीत लिहिलंय: "फक्त लाल एटीएफ. ब्रेक ऑइल नाही." त्या रात्री ४६ घातल्यावर त्याखाली पेनने एक चिठ्ठी चिकटवली होती, "हायड्रॉलिक भरलंय, रविवारी काढणे". रविवारी सकाळी भाच्याला हाताशी घेऊन ते काढलं, आणि चिठ्ठी त्यानेच फाडली.